विचारा की! : मेलबर्नचं गँगवॉर आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात कोपऱ्यात चार ओळी टाकल्या होत्या, भाचीकडं मेलबर्नला दोन महिने राहून आलोय, तिथल्या टोळ्यांबद्दल कुणाला काय विचारायचं असलं तर लिहा म्हणून. मला वाटलं पाच-सहा जण लिहितील. पण आता रंकाळ्यावर सकाळी चालायला गेलो तरी कुणीतरी मागनं गाठतोय आणि विचारतोय, "ते ऑस्ट्रेलियाचं पुढं काय झालं ओ?" एकतीस वर्षं कोल्हापुरात क्राईम बीट केली, पंचनामे बघितले, पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर रात्री काढल्या, तेव्हा कुणी एवढ्या आपुलकीनं विचारलं नव्हतं. असू दे. नावं छापत नाही, पेठ नाहीतर गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (एक आई, फुलेवाडी) : माझा मुलगा मास्टर्स करायला मेलबर्नला आहे, ट्रुगनिना म्हणून भाग आहे तिथं चौघंजण मिळून राहतात. संध्याकाळी एका सिगारेटच्या दुकानात काउंटरला बसतो. परवा फोनवर सहज बोलून गेला की दोन चौक सोडून तसलंच दुकान रात्री जळालं. मालक पगार रोख देतो म्हणे, कागद काही नाही. मला झोप नाही. सोड म्हणावं तर भाडं कशातनं देणार?

उत्तर : ताई, सोडायला सांगा. आजच सांगा, भाड्याचं मागनं बघू. तुम्ही आई आहात म्हणून घाबरताय असं मुलगा म्हणेल, पण यावेळी आईचं बरोबर आहे.

काय चाललंय ते सांगतो. ऑस्ट्रेलियात सिगारेटवर कर इतका चढवलाय की एका कांडीमागं 1 डॉलर 40 सेंटच्या वर नुसता कर जातो, वीसचं पाकीट चाळीस डॉलरच्या पुढं, म्हणजे आपले दोन हजारांच्या वर. सरकारचा हेतू चांगला, लोकांनी ओढायचं सोडावं. पण चोरून आणलेलं पाकीट पंधरा-वीस डॉलरला मिळतंय, मग माणूस कुठलं घेणार? कंटेनरच्या कंटेनर बाहेरनं येतात आणि एकेका कंटेनरमागं सुटणारा पैसा बघितला तर गांजा विकणाऱ्यालासुद्धा वाटावं आपण उगाच जीव धोक्यात घालतोय, कारण सिगारेटीत पकडलं तर शिक्षाही कमी. त्यात 2024 च्या जुलैपासून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, फक्त फार्मसीत विकायचा असा नियम झाला, मग तेही काउंटरखालनं विकायला लागले. आणि जिथं असला पैसा तिथं टोळ्या. त्यांचा माणूस दुकानात येतो, म्हणतो आमचाच माल ठेवायचा, नाहीतर आठवड्याला एवढे द्यायचे. दिलं तर दुसरी टोळी येते, तू त्यांना कसं दिलंस म्हणून. 2023 च्या मार्चपासून मेलबर्न आणि आसपास अशी शंभरावर ठिकाणं पेटवलीत, पोलिसांनी त्यासाठी लूनार नावाचं वेगळं पथक काढलंय. पेटवायला येतात ती पोरं सोळा-सतरा-अठराची, चोरीची गाडी काचेत घुसवायची, कॅन ओतायचा, पळायचं. त्यांना काम कुणी दिलं हेही बऱ्याचदा माहीत नसतं, मोबाईलवर मेसेज येतो, थोडे पैसे मिळतात. वर बसलेले तर परदेशात बसून सूत्रं हलवतात असं पोलीसच सांगतात.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. आमच्या वडिलांचं लक्ष्मीपुरीत छोटं किराणा दुकान होतं. मी सातवीत असताना गल्लीत दोन टोळकी झाली, दोन्हींची वर्गणी वेगळी. वडिलांनी एकाची पावती फाडली आणि दुसऱ्याला म्हणाले पुढच्या वर्षी. रात्री दुकानाच्या फळीवरच्या गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या फुटल्या, अकरा बरण्या, सकाळी मी आणि आई सुपात काचा आणि लिमलेटच्या गोळ्या वेगळ्या करत बसलो होतो कारण गोळ्या टाकायच्या तरी कशा. पोलिसात गेले नाहीत. पुढच्या वर्षी दोन पावत्या. ज्यांचं भांडण होतं त्यांची एक बरणी फुटली नाही, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

तिथंही तेच. दुकान जळतं तेव्हा शेजारचा न्हावी जळतो, वरच्या माळ्यावरचा भाडेकरू बाहेर पळतो. ट्रुगनिनातच जानेवारी 2025 मध्ये पहाटे एक घर पेटवलं, आत असलेली एक तरुण मुलगी गेली, तिचा या कशाशी संबंध नव्हता, पेटवणाऱ्यांनी घरच चुकीचं धरलं असं पोलिसांचं म्हणणं. तुम्हाला आणखी घाबरवायला हे लिहीत नाही. पण मुलगा म्हणेल "मी फक्त काउंटरला असतो", तेव्हा हे त्याला सांगा.

आता पोटापाण्याचं. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला 48 तास काम करता येतं, म्हणजे गोडाऊन, सुपरमार्केट, वृद्धाश्रम, हॉटेलचं किचन, कुठंही कागदावर काम मिळू शकतं, वेळ लागेल पण मिळतं. मालक म्हणाला की तू रोखीत काम केलंस, तक्रार केलीस तर तुझाच व्हिसा जाईल, तर ती निव्वळ दमदाटी समजा, तिथं फेअर वर्क म्हणून सरकारी ऑफिस आहे, राहिलेला पगार मागायला गेलेल्या पोराला ते सहसा अडकवत नाहीत. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात आता तंबाखू विकायला लायसन्स सक्तीचं केलंय, मालकाला सहज विचारून बघायला सांगा, लायसन्स कुठंय म्हणून. उत्तर देताना तो कुठं बघतो त्यावरनं कळेल. आणि कुणी धमकी दिलेली कानावर आली तर क्राईम स्टॉपर्सचा नंबर आहे 1800 333 000, नाव न सांगता बोलता येतं.

प्रश्न (शाहूपुरी) : सर मी ती मेलबर्नच्या गँगवॉरवरची सिरीज दोनदा बघितली. कार्ल विल्यम्स म्हणजे विषय हार्ड माणूस. माझं म्हणणं असं की शेवटी तोच किंग ठरला, बरोबर ना?

उत्तर : भावा, तू सिरीज दोनदा बघितलीस, मी निकालपत्र एकदाच वाचलंय, तरी सांगतो.

सुरुवात बघ कशी झाली. 13 ऑक्टोबर 1999, विल्यम्सचा एकोणतिसावा वाढदिवस, ग्लॅडस्टन पार्क नावाच्या उपनगरातली बाग. तिथं मार्क आणि जेसन हे मोरान भाऊ त्याला भेटायला आले. भांडण कशावरनं? नशेच्या गोळ्या पाडायचं मशीन आणि चार लाख डॉलरची येणी-देणी. म्हणजे आपल्याकडं दोन पार्टनर पिठाच्या गिरणीवरनं भांडावेत तसं. जेसननं पोटात एक गोळी घातली. एकच. विल्यम्स वाचला आणि पोलिसांना म्हणाला कुणी मारलं ते दिसलं नाही. आता पार्टनर-पार्टनरचं असलं भांडण कोर्टात दिवाणी दावा होऊन वीस वर्षं चाललं असतं, आपल्याकडं चालतातच. पण हा धंदाच असला की कुठल्या कोर्टात सांगणार, माझं गोळ्यांचं मशीन परत द्या?

मग 15 जून 2000 ला मार्क मोरान स्वतःच्या घरासमोर मेला. आणि इथं एक गोष्ट सिरीजवाले घाईत उरकतात. विल्यम्सला 1999 च्या नोव्हेंबरातच पोलिसांनी गोळ्या आणि मशीनसकट धरला होता. केस उभी राहायच्या आधी ड्रग स्क्वॉडमधल्या अधिकाऱ्यांवरच भ्रष्टाचाराचे आरोप लागले, तपास करणारेच आरोपी, त्यामुळं केस लटकली आणि हा जामिनावर बाहेर. पुढचे बरेचसे मुडदे त्या जामिनाच्या काळात पडलेत. मला विचारशील तर एका विल्यम्सपेक्षा त्या लटकलेल्या केसनं जास्त माणसं मारली.

21 जून 2003, शनिवार सकाळ. एसेंडनजवळ क्रॉस कीज म्हणून मैदान आहे, लहान पोरांची फुटबॉलची शिकवणी संपलेली, जेसन मोरान व्हॅनमध्ये बसलाय, शेजारी त्याचा दोस्त पास्क्वाले बार्बारो, मागच्या सीटवर पोरं. तोंड झाकलेला एक माणूस पळत आला, आधी शॉटगन काचेतनं, मग पिस्तूल. दोघंही जागेवर गेले. बार्बारोला मारायचं ठरलंच नव्हतं, तो शेजारी बसला होता एवढंच. आणि मागं ती पोरं. सिरीजमध्ये तिथं म्युझिक वाजतं. खऱ्या व्हॅनमध्ये काय वाजत होतं ते त्या पोरांना विचार, ती आज तुझ्यापेक्षा मोठी असतील.

त्याच डिसेंबरात ग्रॅहम किनिबर्ग नावाचा याच धंद्यातला जुना खेळाडू घरासमोर मेला. मार्च 2004 मध्ये विल्यम्सचा खास माणूस अँड्र्यू व्हेनियामिन कार्लटनच्या एका हॉटेलच्या मागच्या बोळात मेला, विरोधी गोटातल्या मिक गॅटोच्या हातून, गॅटो म्हणाला मी जीव वाचवायला झाडली आणि ज्युरीनं 2005 मध्ये त्याला निर्दोष सोडला. आठ दिवसांनी जेसनचा बाप आणि मार्कचा सावत्र बाप लुईस मोरान ब्रन्सविकच्या क्लबात बिअर पीत बसलेला असताना गेला. त्या सुपारीचे ठरले होते दीड लाख डॉलर आणि मारणाऱ्यांच्या हातात पडले एक लाख चाळीस हजार. दहा हजार बुडवले! माणूस मारायच्या धंद्यातसुद्धा उधारी.

1998 च्या जानेवारीत अल्फोन्स गँजिटानो नावाचा टोळीवाला घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत मेलेला सापडला, तिथनं मोजायला सुरुवात केली तर पुढच्या बारा-साडेबारा वर्षांत तीसहून जास्त खून.

आणि किंगचं काय झालं? 2004 मध्ये आत गेला, 2007 मध्ये स्वतः गुन्हे कबूल केले, जन्मठेप, निदान 35 वर्षं सुटका नाही. 19 एप्रिल 2010 ला बारवन जेलमध्ये टेबलावर बसून पेपर वाचत होता. त्या दिवशीच्या पेपरात त्याच्याबद्दलच बातमी, की पोलीस त्याच्या मुलीच्या शाळेची फी भरतायत, कारण एका जुन्या खुनात हा पोलिसांना जबाब देत होता. सोबतच्या कैद्यानं मागनं येऊन व्यायामाच्या सायकलीचा दांडा डोक्यात घातला. वय 39. सायकलीच्या दांड्यानं, भावा. तुझ्या जिममध्ये पण असेल बघ तसली सायकल.

सिरीजचं आणखी एक. ती आली 2008 मध्ये आणि सगळ्या ऑस्ट्रेलियात दाखवली, मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथं मात्र न्यायमूर्ती बेटी किंग यांनी बंदी घातली, एक खटला उभा राहायचा होता आणि ज्युरीवर परिणाम नको म्हणून. विल्यम्सला शिक्षा ठोठावणाऱ्या याच बाई. तू म्हणतोस ती किंग कोण, याचं उत्तर पाहिजेच असेल तर हे आडनाव चालेल बघ.

प्रश्न (गडहिंग्लज) : तुमच्या यादीत सगळे बाप्येच. बायका काय करत होत्या मग? भाकरी?

उत्तर : बाई, तुम्ही चिमटा काढलाय पण प्रश्न बरोबर आहे.

ज्युडी मोरानचं ऐका. तिचा पहिला नवरा 1982 मध्ये सिडनीत गोळ्या घालून मारला. त्याच्यापासूनचा मुलगा मार्क 2000 मध्ये गेला. दुसरा मुलगा जेसन 2003 मध्ये. त्याचा बाप लुईस 2004 मध्ये. प्रत्येक अंत्ययात्रेला काळे कपडे, मोठा गॉगल, मोठी टोपी, फोटोवाले गर्दी करायचे, पेपरवाल्यांची ती जवळजवळ लाडकी विधवा झाली होती. आम्ही पत्रकार असलेच, मी पण वेगळं केलं नसतं.

पुढं 15 जून 2009. मार्कला जाऊन त्या दिवशी बरोबर नऊ वर्षं. अॅस्कॉट व्हेलमध्ये एका कॅफेत तिचा दीर डेस मोरान बसला होता, त्याला मारला. ज्युडी म्हणाली मी तर पोराच्या थडग्यावर फुलं घेऊन गेले होते. पोलिसांनी घर झडती घेतली तर तिजोरीत पिस्तुलं आणि केसांचा टोप असलं सामान निघालं. भांडण घरच्या पैशाचं. 2011 मध्ये 26 वर्षांची शिक्षा झाली. एवढी चार मढी बघितलेली बाई पाचव्याला स्वतः कारण झाली. माझ्या बायकोला हे सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "अगं बाई, थडग्यावर फुलं घेऊन गेले म्हणाली? त्याच दिवशी?" बस, पुढं काही नाही, परत भाजी.

प्रश्न (गुळाचे अडते, शाहू मार्केट यार्ड) : तिथं म्हणे भाजी मार्केटात माफिया होता. आमच्या धंद्याला उगाच बदनाम करू नका, पण खरं असलं तर सांगा.

उत्तर : शेठ, खरं आहे. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, मेलबर्न शहराच्या अगदी मधोमध, आज टुरिस्ट तिथं डोनट खायला जातात. पन्नास-साठच्या दशकात ते घाऊक फळं-भाजीचं मार्केट होतं आणि माल पिकवणारे, आणणारे बरेचसे इटलीतल्या कालाब्रियाकडनं आलेले. नव्या मुलखात भाषा येत नाही, पोलिसांवर विश्वास नाही, मग गावाकडची जी जुनी टोळी होती तीही सोबत आलेली, तिलाच सगळे मानायचे. धंदा करायचा तर तिला द्यायचे. तुमच्याकडं अडत, हमाली, तोलाई पावतीवर लिहून येते, तिथं ही एक बिनपावतीची कपात समजा. 1962 च्या अखेरीस त्यांचा म्होरक्या आजारपणानं गेला, गादीवर कोण यावरनं फाटाफूट झाली, आणि 1963 मध्ये विन्चेन्झो आंजिलेत्ता, 1964 मध्ये विन्चेन्झो मुरातोरे, दोघंही मार्केटातले, पहाटेच्या वेळी शॉटगननं मारले. पहाटे कारण मार्केटच्या माणसाचा दिवसच तेव्हा चालू होतो, मारणाऱ्याला टायमिंग शोधायची गरज नाही. त्यानंतर सरकारनं अमेरिकेतनं जाणकार बोलवून रिपोर्ट करून घेतला. घाऊक बाजार 1969 मध्ये तिथनं हलवला, त्याची कारणं मात्र जागेची.

पण तुम्हाला आवडेल ती गोष्ट 2007 ची आहे. इटलीहून जहाजानं मेलबर्नला एक कंटेनर उतरला, टोमॅटोचे तीन हजारांवर डबे, बाहेरनं अगदी रीतसर लेबल. आत दीड कोटी नशेच्या गोळ्या, 4.4 टन. त्या काळी जगात एकाच वेळी एवढा माल कुणी पकडला नव्हता. पोलिसांनी गुपचूप माल काढून घेतला आणि कंटेनर तसाच बंदरात ठेवला. मालकांना संशय आला, कुणी सोडवायलाच गेलं नाही, वर्षभर लांबनं बघत बसले, 2008 च्या ऑगस्टमध्ये सगळे धरले. त्यांच्यात मुख्य होता तोही पास्क्वाले बार्बारोच, पण व्हॅनमधला वेगळा, हा वेगळा, गल्लत करू नका. तिकडं एकाच गावाकडच्या आडनावांची हीच पंचाईत, आपल्याकडं एका गावात चाळीस संभाजी पाटील असतात तसं.

आणि पोलिसांना कंटेनर कळला कसा? बिल्टीवरनं! ती बिल्टी त्यांच्या हातात कुणी दिली ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न (लॉ, तिसरं वर्ष, राजारामपुरी) : सर, आता कोल्हापुरात सर्किट बेंच आलंय, मला क्रिमिनल प्रॅक्टिस करायची आहे. तुम्ही "वकीलच खबरी निघाली" असं लिहिलं होतं. अशीलानं सांगितलेलं वकील पोलिसाला सांगू शकतो का?

उत्तर : नाही. आणि तू हे विचारलंस म्हणून बरं वाटलं, तुझ्या वयाच्या चार पोरांनी मला फक्त गाड्यांची मॉडेलं विचारलीत.

निकोला गोबो. मेलबर्नची हुशार, बोलकी, माजी राज्यपालांची पुतणी. टोळीवाल्यांची लाडकी वकील, विल्यम्सच्या गोटातले, ड्रग्जवाला मोकबेल, सगळे तिच्याकडं. आणि 2005 ते 2009 ती पोलिसांची खबरी, नंबर 3838. दिवसा अशीलाला जेलमध्ये भेटायची, संध्याकाळी त्यानं काय सांगितलं ते पोलिसांना. काही जणांना तर हिनंच सल्ला दिला की साथीदारांविरुद्ध जबाब दे, आणि हीच त्या साथीदारांचीही वकील. टोमॅटोच्या डब्यांची बिल्टी एका अशीलानं तिच्याकडं दिली होती, तिनं ती पुढं सरकवली.

आता पानपट्टीवरचा माणूस म्हणेल, मग काय बिघडलं, गुंडच आत गेले ना? मलाही पहिल्यांदा असंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण 2018 च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे लपवून ठेवायला नकार दिला, पोलिसांना अतिशय कडक शब्दांत झापलं, मार्गारेट मॅकमर्डो यांचा आयोग बसला, आणि 2020 मध्ये त्यांनी सांगितलं की 1,011 जणांच्या शिक्षांवर याचा परिणाम झालेला असू शकतो. फारुक ओर्मान खुनाच्या आरोपात बारा वर्षं आत होता, 2019 मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. टोनी मोकबेल, जो 2006 मध्ये खटला चालू असताना पळाला, एका यॉटवरनं थेट ग्रीस गाठलं आणि 2007 मध्ये अथेन्सच्या कॅफेत डोक्यावर टोप घातलेला सापडला, तोही 2025 च्या एप्रिलमध्ये जामिनावर बाहेर आला. म्हणजे शॉर्टकटनं जे मिळवलं ते उसवायला लागलं. आणि ज्या अधिकाऱ्यांनी हे चालवलं त्यातल्या एकावरही खटला उभा राहिला नाही, त्यासाठी नेमलेलं खास तपास ऑफिस 2023 मध्ये गुंडाळलं.

तुला प्रॅक्टिस करायची आहे ना, मग एवढं कर, अशीलाचे कागद कुणाच्या हातात जातात ते बघत जा. ऑफिसबॉयपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत.

प्रश्न (इचलकरंजी) : तिकडं मोक्का आहे का? आणि तडीपार?

उत्तर : तडीपारीसारखं थेट नाही, कुणाला भेटायचं नाही, कुठं जायचं नाही असले मनाई हुकूम आहेत. मोक्का आपला 1999 चा. त्यांनी 2004 मध्ये व्हिक्टोरियात एक कायदा केला, त्यात संघटित गुन्ह्याच्या तपासात माणसाला बोलावून शपथेवर प्रश्न विचारता येतात आणि गप्प बसायची सोय नाही, बसलास तर त्याचाच गुन्हा. आपल्याकडं मोक्कात एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो, वकील मंडळी त्यावर ओरडतात, तिथल्यांनीही यावर ओरड केलीच. पण या गँगवॉरसाठी मे 2003 मध्ये काढलेल्या 'पुराना' नावाच्या पोलीस पथकाला खरा फायदा झाला तो वेगळ्या गोष्टीचा, मारेकऱ्यांना शिक्षेत सूट दाखवली आणि ते एकेक करून वरच्याचं नाव घ्यायला लागले. क्रॉस कीजवर गोळ्या झाडणाराही बोलला. निष्ठा, शब्द, भाईचारा असलं सगळं वर्षांच्या हिशेबावर आलं, किती वर्षं कमी करता बोला.

प्रश्न (उजळाईवाडी) : आमचा बुलेट ग्रुप आहे, बारा जण. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात राईड करायचा प्लॅन आहे. पाठीवर ग्रुपचा लोगो असलेली जॅकेटं शिवून घेतलीत. चालतील ना?

उत्तर : लोगो काढा! तिथं हेल्स एंजल्स, कोमांचेरो, बँडिडोस, मंगोल्स असले मोटारसायकल क्लब आहेत, पाठीवरचा लोगो म्हणजे त्यांचा इलाका सांगणारी पाटी, पोलिसही त्यावरनंच ओळखतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर 2021 पासून अशा टोळ्यांची चिन्हं चारचौघांत दाखवायलाच बंदी आहे. तुमच्या जॅकेटवर वाघ असेल, गवा असेल, अंबाबाईचा फोटो असेल, तिथल्या हवालदाराला काय कळणार? साधी काळी जॅकेटं घाला. आणि बाराजण एका ओळीत हॉर्न वाजवत जाऊ नका, ते कोल्हापुरात.

प्रश्न (शिरोळ) : तिथं बंदुकीचे कायदे कडक म्हणतात, मग एवढ्या बंदुका कुठनं आल्या?

उत्तर : 1996 मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसानं 35 जणांना मारलं, त्यानंतर सरकारनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडनं विकत घेऊन नष्ट केल्या. साध्या माणसाच्या घरातनं बंदूक गेली. चोरबाजारातली राहिली.

प्रश्न (उत्तरेश्वर पेठ) : एवढं सगळं सांगताय, तुम्ही स्वतः त्या जागा बघितल्या का पेपर वाचून लिहिताय? राग मानू नका.

उत्तर : राग कशाला, मी पण हेच विचारलं असतं. बघितल्या, काही.

कार्लटनच्या लायगन स्ट्रीटवर भाचीनं कॉफी पाजली, इटालियन वस्ती, फुटपाथवर टेबलं, म्हातारी माणसं पत्ते घेऊन बसल्यासारखी तासन् तास बसलेली. ब्रन्सविकला 19 नंबरची ट्राम जाते, सिडनी रोडवरनं, तो क्लब कुठला म्हणून खिडकीतनं बघत राहिलो आणि उतरायचा स्टॉप चुकला, मग एक लेबनीज बेकरी दिसली तिथं गरम पोळीवर ओवाफुलासारखं काहीतरी घालून देतात ते खाल्लं, झकास होतं, कोल्हापुरात कुणीतरी काढा.

क्रॉस कीजला मात्र मुद्दाम गेलो. भाचजावई म्हणाला मामा तिथं काय बघायचंय, नुसतं मैदान आहे. जून महिना, तिथला हिवाळा, शनिवार सकाळ, गवतावर दव. कुठं पाटी वगैरे मला दिसली नाही. ढगळ जर्सी घातलेली सहा-सात वर्षांची पोरं लांबट चेंडूमागं पळत होती, आयाबाया हातात कॉफीचे कप धरून थंडीत कुडकुडत उभ्या, पार्किंगमध्ये व्हॅनच व्हॅन, सगळ्यांच्या मागच्या काचांवर स्टिकर. मी कडेला उभा होतो, चेंडू पायाशी आला, मी आपली किक मारली आणि तो लांबट चेंडू भलतीकडंच गेला, ओढ्याच्या बाजूला. पोरं खो खो हसली. एकजण पळत जाऊन घेऊन आला. मधल्या सुट्टीत कुणाचा तरी बाप प्लास्टिकच्या डब्यात संत्र्याच्या चिरलेल्या फोडी घेऊन सगळ्यांना वाटत फिरत होता, त्यानं माझ्यापुढंही डबा धरला. घेतली एक. आंबट होती.